जड पाण्याचे मासे

हैदराबादेत भाड्याचं घर बघायला गेलं की बोअरला पाणी किती फुटांवर लागलं हे घरमालक न विचारता सांगतो. पाणी कसं आहे, हे मात्र विचारलं तरी सांगत नाही. ते काम बाथरूमचा नळ करतो. तोटीच्या तोंडाशी पांढरी खरपुडी, शॉवरची अर्धी भोकं बुजलेली, बादलीला आतून चुन्याची कड. तूरडाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी अख्खीच्या अख्खी. आठवडाभरात प्युरिफायर विकणारा पोरगा दारात येतो, पेनासारखं मीटर ग्लासात बुडवतो, आठशे-नऊशेचा आकडा दाखवतो आणि आपण आजवर जिवंत कसे राहिलो असा चेहरा करतो. मशीन घेतलं जातं. पुढे कधीतरी घरातलं पोर माशांसाठी हट्ट धरतं, दुकानात एंजल आणि डिस्कस आवडतात, आणि त्याच नळाच्या पाण्यात ते महिन्याभरात एकेक करून संपतात. घरात ठरून जातं, की आपल्याकडे मासे जगत नाहीत.

हे पुस्तक त्या आकड्याला न घाबरणाऱ्या माशांबद्दल आहे.

हे मासे सिक्लिड कुळातले. सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ. आफ्रिका, दक्षिण आणि मध्य अमेरिका, मादागास्कर, पश्चिम आशियातला एखादा कोपरा आणि भारत-श्रीलंकेचा किनारा एवढ्या भागात ते पसरलं आहे, आणि शास्त्रज्ञांनी आजवर त्यातल्या सतराशेहून अधिक जाती नोंदवल्या आहेत. आपल्या दुकानांतले एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पीकॉक, यलो लॅब हे सगळे याच कुळातले. या माशांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढचा जबडा घास पकडतो, मागचा तो चावतो. त्यामुळे पुढच्या तोंडाला खरवडण्याचं, ओढण्याचं, पिल्लं सांभाळण्याचं काम घ्यायला मोकळीक मिळाली. त्याचा फायदा या माशांनी भरपूर उठवला.

मत्स्यालयाची बहुतेक पुस्तकं माशापासून सुरू होतात. रंगीत चित्र, मग नाव, मग त्याला लागणारं पाणी, मग ते पाणी तयार करायची औषधं. मी उलट्या बाजूने सुरुवात केली आहे. तुमच्या घरात पाणी कुठलं येतं, त्यात काय विरघळलंय आणि ते वर्षभर किती बदलतं, हे आधी. मासा त्यानंतर. हैदराबादेत हा क्रम पाळला तर निम्म्या अडचणी येतच नाहीत, कारण ज्या पाण्याला आपण नावं ठेवतो त्यात खुशीने राहणारे मासे आहेत आणि ते जगातल्या सर्वांत देखण्या गोड्या पाण्याच्या माशांपैकी आहेत.

तेव्हा आधी पाणी. पाण्याचा जडपणा म्हणजे मुख्यतः त्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला धरला आहे. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं तेच मानक सांगतं. हैदराबादच्या बोअरचं पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेही सापडतं, काही वस्त्यांत पलीकडेही जातं. शहर ग्रॅनाइटवर बसलं आहे. पाऊस भेगांमधून झिरपतो, वर्षानुवर्षं खडकाच्या कुजलेल्या थरात मुरतो आणि क्षार घेऊन पंपाने वर येतो. जितकी खोल बोअर तितका पाण्याचा मुक्काम लांबलेला.

नळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी, आणि ती मराठी माणसाने जरा लक्ष देऊन ऐकावी अशी. १९०८ साली मुशी नदीला महापूर आला. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने धरणांची योजना झाली आणि १९२० साली उस्मानसागर, १९२७ साली हिमायतसागर उभे राहिले. गंडीपेटचं, म्हणजे उस्मानसागरचं, पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असं जुनी मंडळी म्हणायची. शहर वाढलं, ते पाणी पुरेना. साठच्या दशकात मांजरा आली. तीच मांजरा, जी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या रांगेत उगम पावते आणि जिने २०१६ साली लातूरला रेल्वेच्या डब्यातलं पाणी प्यायला लावलं. २००४ पासून नागार्जुनसागरातून कृष्णा येते, गेल्या दशकापासून गोदावरीही. म्हणजे महाबळेश्वर, त्र्यंबकेश्वर आणि पाटोदा तालुका यांचं पाणी एका शहराच्या नळाला एकत्र येतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याच शहराच्या वाट्याला हे भाग्य आलेलं नाही. पाणीवाटपाच्या भांडणात मी पडत नाही.

नदीचं पाणी बोअरपेक्षा सौम्य असतं, पण ते बऱ्याच भागांत दिवसाआड येतं, सोसायटीच्या संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पडतं आणि तिथे बोअरचं व उन्हाळ्यात टँकरचं पाणी त्यात मिसळतं. सोमवारी वरच्या टाकीतून उतरणारं पाणी आणि गुरुवारचं पाणी एकच असेल, याची खात्री देता येत नाही. मासे पाळणाऱ्याने काळजी करायची ती या चढउताराची. जड पाण्याला मासा सरावतो, सौम्य पाण्यालाही सरावतो; दर तीन दिवसांनी बदलणाऱ्या पाण्याला सरावणं त्याला जमत नाही.

प्युरिफायरवाल्याच्या मीटरबद्दल इथेच सांगून टाकतो. ते टीडीएस दाखवतं, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची अंदाजे बेरीज. बेरीज कशाकशाची, हे ते सांगत नाही. साधं मीठही त्यात आलं. माशासाठी दोन आकडे वेगवेगळे कळायला हवेत. एक कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, ज्याला दुकानात जीएच म्हणतात; दुसरा बायकार्बोनेटचा, त्याला केएच. पाण्यात आम्ल वाढायला लागलं की बायकार्बोनेट ते पचवतं आणि सामू, म्हणजे पीएच, जागेवर राहतो. हैदराबादच्या बोअरला हे दोन्ही सहसा भरपूर असतात. प्युरिफायरच्या, म्हणजे आरओच्या, पाण्यात केएच नावापुरता उरतो. म्हणून 'आम्ही माशांना आरओचंच पाणी देतो' असं कौतुकाने सांगणाऱ्यांच्या टाकीत सामू हळूहळू घसरत जातो, वरून पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि एके दिवशी सगळे मासे एकदम आजारी पडतात. डिस्कससाठी आरओ वापरता येतं. ते मोजूनमापून, क्षार परत घालून वापरायचं तंत्र आहे आणि त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. ते मी लिहिणार नाही.

आता मासे. पूर्व आफ्रिकेत जमीन उभी चिरत गेली आणि त्या चिरेत जे तलाव साचले, त्यांतले मलावी आणि टांगानिका हे दोन आपल्या कामाचे. मलावी साडेपाचशे किलोमीटरहून लांब, सुमारे सातशे मीटर खोल. टांगानिका त्याच्या दुप्पट खोल. मलावीत सिक्लिडच्या जाती आठशेच्या घरात असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यातल्या जवळपास सगळ्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. १९८४ साली युनेस्कोने त्या तलावाच्या दक्षिण टोकाचं राष्ट्रीय उद्यान जागतिक वारशात घेतलं, ते या माशांमुळे. एक योगायोग सांगतो, त्याचा उपयोग काही नाही: मलावीच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून पावणेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि हैदराबादही पाचशेच्या थोडं वर.

मलावीचं पाणी अल्कधर्मी, सामू आठच्या पुढेमागे. टांगानिकाचा नऊच्या जवळ. आफ्रिकन मासा म्हणजे जितकं जड पाणी तितका खूश, असा समज दुकानांतून पसरला आहे. तो खरा नाही. मलावीच्या तलावात क्षार माफकच आहेत. या माशांना हवा असतो वरचा आणि स्थिर सामू. टाकीतच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले मासे जास्तीचा जडपणा सोसतात, म्हणून आपलं बोअरचं पाणी त्यांना चालतं. टीडीएस हजाराच्या पलीकडे असेल तर नळाचं पाणी मिसळून तो खाली आणावा. त्यासाठी एक निळा पिंप बाल्कनीत ठेवायचा, दर आठवड्याला त्यात ठरलेल्या प्रमाणात दोन्ही पाणी भरून रात्रभर हवेचा पंप लावायचा, आणि बदलायचं पाणी नेहमी त्या पिंपातूनच घ्यायचं. संपातल्या गोंधळावर एवढा उपाय पुरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे. दुकानात ते अँटिक्लोर या नावाने मिळतात.

मलावीच्या खडकाळ काठाने राहणाऱ्या माशांना तिथले लोक म्बुना म्हणतात. दुकानातले यलो लॅब, झेब्रा, ऑराटस, डेमासोनी हे म्बुनाच. खडकावर शेवाळाचा मऊ थर असतो, त्यात बारीक किडे असतात, आणि म्बुना दिवसभर तो खरवडत असतात. अशा खाण्याला लांब आतडं लागतं. मग घरी आपण त्यांना लाडाने ब्लडवर्म घालतो, पोट फुगतं, मासा खाणं सोडतो आणि चार दिवसांत जातो. परदेशी पुस्तकांत याला मलावी ब्लोट म्हणतात. त्याची कारणं एकाहून जास्त असू शकतात, पण जड, मांसाहारी खाणं हे त्यातलं टाळता येण्यासारखं कारण. पालक उकडून द्या, मटार साल काढून द्या, स्पिरुलिनाचे दाणे द्या, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. आपल्याकडे उपासाचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

टाकी मात्र मोठीच हवी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच हे माझ्या मते सुरुवातीचं माप. त्याहून लहान टाकीत म्बुनांची मारामारी आवरत नाही. या मापाची टाकी नऊ घनफुटांची, म्हणजे सुमारे २५५ लिटर. नुसतं पाणी अडीचशे किलो. दगड, वाळू, काच आणि लोखंडी स्टँड धरून साडेतीनशेच्या वर. घरातल्या स्लॅबचा आराखडा सहसा चौरस मीटरला २०० किलोचा वापराचा भार धरून करतात, आणि ही टाकी जेमतेम अर्धा चौरस मीटर जागा व्यापते. हॉलच्या मधोमध ती ठेवू नका. भिंतीला लागून, तुळईजवळ ठेवा, आणि इमारत जुनी असेल तर आधी जाणकाराला दाखवा. वास्तूवाले ईशान्य कोपरा सांगतात. त्या कोपऱ्यात बहुधा पूर्वेची खिडकी असते, सकाळचं ऊन थेट टाकीवर येतं आणि महिन्याभरात दगड हिरवेगार होतात. एरवी मी यावर डोकं धरलं असतं, पण म्बुनांना नेमकं तेच हवं असतं. एप्रिल-मे महिन्यांत तेवढा पडदा ओढून घ्यावा.

दगडांवर या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे आणि ते लिहिताना मला सर्वांत मजा आली. दगडांच्या बाबतीत हैदराबादकरासारखा नशीबवान कोणी नाही. इथले ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे. बंजारा हिल्स आणि जुबिली हिल्सवर एकावर एक रचल्यासारखे ते उभे असायचे. सुरुंग लावून बरेचसे संपवले, उरलेले वाचवायला 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था १९९६ पासून धडपडते आहे. तेव्हा टेकडीवरून काहीही उचलून आणू नका. बांधकामाच्या वखारीत मुठीएवढे ते टरबुजाएवढे तुकडे किलोवर मिळतात. ग्रॅनाइट पाण्यात काही सोडत नाही, त्यामुळे तो कुठल्याही टाकीत चालतो.

दुसरा दगड तांडूरचा. घराघरांत आपण ज्या फरशीवर चालतो ती तांडूरची किंवा शहाबादची, म्हणजे चुनखडक. कापणाऱ्याकडे कोपऱ्यात तुकड्यांचा ढीग पडलेला असतो, तो जवळजवळ फुकटात मिळतो. चार-पाच तुकडे एकमेकांवर तिरपे रचले की मधे कपारी तयार होतात आणि म्बुना त्या कपारींसाठी जीव टाकतात. चुनखडक पाण्यात अगदी हळूहळू विरघळतो आणि सामू खाली येऊ देत नाही, म्हणून आफ्रिकन माशांच्या टाकीत तो उपयोगी आणि डिस्कसच्या टाकीत घातक. ओळख सोपी आहे. दगडावर लिंबू पिळा. चुनखडक असेल तर बारीक बुडबुडे येतात. फेस दिसला नाही तर कान जवळ नेऊन ऐका, हलकी चुरचुर येते. कापलेल्या कडा धारदार असतात, त्या पॉलिशच्या दगडावर घासून बोथट करून घ्याव्यात.

आणि दगड आधी, वाळू नंतर. तळाच्या काचेवर थर्माकोलचा किंवा जाड प्लास्टिकचा पत्रा, त्यावर दगड पक्के बसवायचे, मग भोवती वाळू ओतायची. वाळूवर दगड ठेवले तर म्बुना खालची वाळू तोंडाने उपसून काढतात. एका रात्रीत एक मासा ओंजळभर वाळू या टोकाची त्या टोकाला नेऊन टाकतो. मग दगड कलतो, आणि कललेल्या दगडाच्या वाटेत काच असते.

यंत्रांवर मी फार पानं घालवलेली नाहीत. गाळणी टाकीच्या मानाने मोठी घ्या, हवेचा पंप बॅटरीवर चालणारा एक जास्तीचा ठेवा, डिसेंबर-जानेवारीसाठी हीटर लागतो कारण हैदराबादची थंडी अंगावर शाल घेण्याइतकी तरी असतेच. उन्हाळा जास्त त्रासाचा. पाणी ३२ अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची गरज मात्र वाढते. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारा साधा टेबलफॅन दोन-तीन अंश उतरवतो.

ज्याच्यावर पानं घालवली ते टाकी मुरण्याचं प्रकरण. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो, "साब, आज पानी भरो, कल मछली डालो, कुछ नै होता." होतं. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर पडतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि पाणी बदलून काढता येण्याजोगं. हे जिवाणू गाळणीच्या स्पंजवर आणि दगडांवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. जड पाणी इथे आपल्या बाजूचं असतं, कारण या जिवाणूंना कामासाठी बायकार्बोनेट लागतं आणि आठच्या आसपासचा सामू त्यांना मानवतो. पण त्याच सामूची दुसरी बाजू दुकानदाराला ठाऊक नसते. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक सौम्य आणि एक जहाल. २८ अंशांच्या पाण्यात सामू सात असेल तर जहाल भाग एक टक्क्याहून कमी. सामू आठ असेल तर तोच सहा-सात टक्के. म्हणजे सौम्य पाण्यातल्या टाकीत जेवढा निष्काळजीपणा खपून जातो, तेवढा बोअरच्या पाण्यात खपत नाही. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकून, अमोनिया आणि नायट्राइट मोजून, दोन्ही शून्यावर आल्यावरच मासे आणावेत. पोरांना दीड महिना रिकामी टाकी दाखवत ठेवणं कठीण आहे, कबूल. ओळखीच्या कोणाच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळाला तर हा काळ निम्म्यावर येतो.

मासे घेतानाही दोन गोष्टी बघाव्यात. हैदराबादच्या दुकानांत येणारा माल बराचसा चेन्नईच्या कोळत्तूर भागातून येतो. तिथे घराघरांत आणि गच्च्यांवर मासे वाढवतात. 'आफ्रिकन असॉर्टेड' म्हणून एका टाकीत ठेवलेली पिल्लं बहुतेक वेळा मिश्र जातीची असतात, मोठी झाली की कशी दिसतील याचा नेम नाही. आणि बोटभर पीकॉक अंगभर निळा-केशरी झळकत असेल तर थांबा. पीकॉकचे नर वयात आल्यावर रंग धरतात; एवढ्या लहानपणी आलेला रंग संप्रेरकांचा असण्याचा संभव मोठा, आणि तो घरी आल्यावर उतरतो. करडी, कुणी न विचारलेली पिल्लं घेऊन वर्षभर थांबणं स्वस्तही पडतं आणि रंग चढताना बघायलाही मिळतो. सगळे मासे एकदम सोडावेत, एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात, आणि भांडखोर ऑराटस पहिल्या वर्षी घेऊच नये.

फ्लॉवरहॉर्नवर प्रकरण का नाही, असं विचारलं जाईल. नव्वदच्या दशकात मलेशियात निरनिराळ्या अमेरिकन सिक्लिडचा संकर करून हा मासा घडवला. निसर्गात तो नाही. कपाळावरचा फुगा जितका मोठा तितकी भरभराट, या समजुतीवर त्याची किंमत ठरते. मासा हुशार आहे, धन्याला ओळखतो, पण एका टाकीत एकटाच राहतो. एकट्या माशासाठी पुस्तक कशाला.

आपल्याकडे माशांचं कौतुक आलं ते काचेच्या टाकीबरोबर, असं समजायचं कारण नाही. हैदराबादपासून तीन-चार तासांवर बसवकल्याण आहे, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं आणि आजही तिथे मराठी कानावर पडतं. हीच चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेला मानसोल्लास मराठी अभ्यासकांना ओवीच्या उल्लेखामुळे माहीत असतो. त्यातच मत्स्यविनोद नावाचा भाग आहे: मासे कोणकोणते, नदीतले कुठले आणि समुद्रातले कुठले, त्यांना काय खायला घालावं, गळाला कसे लावावेत. भारतीय मत्स्यशास्त्रातले मोठे नाव असलेले सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहिला. राजाचा हेतू शिकारीचा होता. पण कुठला मासा काय खातो हे ज्याने इतकं बारकाईने टिपलं, तो काठावर बराच वेळ बसला असणार.

त्यानंतर सातशे वर्षांनी कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांची यादी केली, ती १८४१ साली लंडनला छापली गेली. जातींना त्याने ताकरी, खुद्री, शिंगाळा अशी इथलीच नावं लॅटिन करून दिली. त्या यादीत सिक्लिड नाही. पठारावरच्या नद्यांत हे कुळ मुळी नव्हतंच.

आता आहे. १९५२ साली मोझांबिकची तिलापिया खाद्यमासा म्हणून भारतात आणली गेली. उजनीच्या काठावर तिला चिलापी म्हणतात, तेलंगणात जिलेबी. तीही सिक्लिड, तीही म्बुनाच्या मादीसारखी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते. म्हणून कुठल्याही गढूळ तळ्यात तिची पिल्लं जगतात आणि बाकीच्यांची मागे पडतात. व्हिक्टोरिया तलावात उलटं झालं. तिथे पन्नासच्या दशकात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला, आणि पुढच्या तीसेक वर्षांत सिक्लिडच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. कृष्णेत आज कोळ्यांची जाळी फाडणारा काटेरी सकरमाउथ मिळतो, तो दक्षिण अमेरिकेतला, टाकीतली काच साफ करायला लोकांनी घरी आणलेला. वाढला, नकोसा झाला, पुण्य म्हणून तळ्यात सोडला. या बाबतीत मी मवाळ बोलणार नाही. नको झालेला मासा दुकानात परत द्या, ओळखीच्या माणसाला द्या. हुसेनसागरात, दुर्गम चेरुवुत, गावच्या विहिरीत, कुठेही सोडू नका. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी हे पुस्तक विकत घेऊ नये.

शेवटचं प्रकरण आपल्या स्वतःच्या सिक्लिडांचं आहे. भारतात या कुळाच्या तीनच जाती मूळच्या, आणि त्यांचे सर्वांत जवळचे नातलग मादागास्करमध्ये. कालुंदर कोकण-गोव्याच्या खाड्यांतला. केरळात तो करीमीन, २०१० साली तिथला राज्यमासा झाला. दुसरा कारवार-मंगळूरकडच्या नद्यांतला कॅनरा, मत्स्यशास्त्रज्ञ डे यांनी १८७७ साली नोंदवलेला आणि दुर्मीळ. तो दुकानात दिसला तरी घेऊ नये. तिसरा नारिंगी क्रोमाइड, तीन इंचांचा, सोनेरी अंगावर काळा ठिपका. याची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत थर टिपून खातात, आणि लहान क्रोमाइड कालुंदराच्या अंगावरचे परजीवी वेचून काढतात. मोठा मासा तेवढा वेळ पर पसरून स्तब्ध राहतो. एका टाकीत ठेवलेल्या या दोघांकडे मी जितकं पाहिलं आहे, तितकं कुठल्याही पीकॉककडे पाहिलेलं नाही. क्रोमाइडला बोअरचं पाणी चालतं, त्यात थोडं जाडं मीठ घातलं तर जास्तच मानवतं. कालुंदराला मात्र सहा फुटांची टाकी लागते, आणि घरी येणारा प्रत्येक गोवेकर पाहुणा तो तव्यावर कसा लागेल तेच बोलतो.

मराठीत मत्स्यालयावर जे लिहिलं गेलं ते बरंचसं मुंबई-पुण्याचं पाणी समोर ठेवून. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं, तिथून हौस पसरली, आणि पुस्तकंही त्या बाजूच्या सौम्य पाण्याची झाली. हैदराबाद, नांदेड, लातूर, सोलापूर, बिदर इथल्या वाचकाच्या नळाला ती लागू पडत नाहीत. त्याच्यासाठी हे लिहिलं. औषधांचं प्रकरण मुद्दाम छोटं ठेवलंय. मागच्या पानांवर एक कोरा तक्ता आहे. टाकी विकत घेण्याआधी बोअरचं, नळाचं आणि टँकरचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरा, सामू, जीएच आणि केएच मोजून त्यात लिहा, पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा, आणि मग पहिलं प्रकरण वाचायला घ्या.